पुऱ्याला जाताना

रविवारी सकाळी सव्वासातला मी बूट चढवायला बसलो की सून स्वयंपाकघरातून विचारते, ‘‘बाबा, ठाण्याला का?’’ आणि मी सांगतो, ‘‘हो, पुऱ्याला चाललो.’’ पहिल्या वेळी तिनं ‘पुण्याला’ ऐकलं होतं आणि हातात पोळीची उलथणी घेऊन धावत बाहेर आली होती. आता सवय झालीय. मला कुणाचा फोन आला तर नातू सरळ सांगतो, आजोबा पुऱ्याला गेलेत.

पुरा म्हणजे जामनेरचा पुरा. आमच्या वस्तीच्या मधून कांग नदी जाते. अलीकडं जामनेर, पलीकडं जामनेरपुरा. बाहेरच्या माणसाला दोन्ही मिळून एकच गाव दिसतं. पण पुऱ्यातला माणूस नदी ओलांडायला निघाला की ‘गावात जाऊन येतो’ म्हणायचा, म्हणजे आपण राहतो ते गाव नव्हे हे त्यानंही मान्य केलेलं असायचं. माझा मित्र पुऱ्यातला. पाचवीपासून मॅट्रिकपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो, एकाच डब्यात जेवलो, तरी मी गावातला आणि तो पुऱ्याचा हे काही फिटलं नाही. पुढं मी शाळेत मराठी-संस्कृत शिकवत राहिलो, तो बँकेत लागून बदल्यांमागं खानदेशभर हिंडला. निवृत्तीनंतर मी मुलाकडं मुलुंडला आलो आणि वर्षभरानं तो लेकीजवळ ठाण्यात, नौपाड्याला. कुणी ठरवून केलं नाही. तो फोनवर एवढंच म्हणाला, ‘‘घे. पुन्हा मी पलीकडंच.’’

मुलुंड ते ठाणे लोकलनं एकच स्टेशन. जिना चढून-उतरून फलाटावर पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढाही प्रवासाला लागत नाही. मी मात्र चालत जातो. माझ्या पावलांनी पाऊण तास, मध्ये चहाला थांबलो तर तास. मुलाला वाटतं डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. खरं कारण असं की पुऱ्याला गाडीनं जातात हे मला पटतच नाही.

सुरुवात सोपी आहे. आमचं घर पाच रस्त्याजवळ. मुलुंडचा हा भाग १९२२ च्या सुमारास क्राउन अँड कार्टर या वास्तुविशारदांनी आखून दिला. म्हणून इथले रस्ते सरळ, झाडं ओळीनं, आणि चौकात उभं राहिलं की पाची बोटं पसरल्यासारख्या वाटा फुटतात. इथल्या फुटपाथवर सकाळी चालणाऱ्यांची गर्दी असते. गुजराती काकू कापडी बुटांवर साडी नेसून झपाझप जातात, त्यांच्यापुढं मी म्हणजे बैलगाडी. महात्मा गांधी रस्त्यानं पश्चिमेला आलं की लाल बहादूर शास्त्री मार्ग लागतो, तिथं उजवीकडं वळायचं. त्यानंतर ठाण्यापर्यंत वळण नाही.

या रस्त्याचं जुनं नाव आग्रा रोड. मला ते कळलं तेव्हा मी फुटपाथवरच उभा राहिलो. लहानपणी वडिलांबरोबर धुळ्याला गेलो की ते हमरस्त्याकडं बोट करून सांगत, ‘‘ह्यो इकडं मुंबई, तिकडं आग्रा.’’ म्हणजे मी ज्याच्या कडेनं रोज भाजी आणायला जातो तो हाच. न वळता चालत राहिलो तर ठाणे, नाशिक, मालेगाव करत धुळ्याला पोचेन, मग पारोळा-एरंडोलवरून जळगाव, आणि तिथून पस्तीसेक किलोमीटर जामनेर. सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘बाबा, असलं काही मनात आणू नका हं.’’

मोठ्या रस्त्याला लागलं की फुटपाथ आपलं खरं रूप दाखवतो. मधोमध मेट्रोचे खांब, त्यांच्यासाठी लावलेले पत्रे, पत्र्यांमुळं आक्रसलेला रस्ता, आणि रस्त्यानं मग फुटपाथवर केलेलं अतिक्रमण. मित्राचा जावई सिव्हिल इंजिनियर. त्यानं एकदा सांगितलं की इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणं फुटपाथवर चालायला निदान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि कडेचा दगड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. १५० मिलिमीटर म्हणजे सहा इंच. तेव्हापासून माझा गुडघा मला आकडे सांगतो. ही आठ इंच, ही दहा, ही तर पायरी नाही, ओटा आहे. १.८ मीटरमध्ये दोन माणसं बोलत बोलत शेजारून चालू शकतात. इथं पुष्कळ ठिकाणी एकट्यालाही खांदा तिरका करून जावं लागतं. विजेची पेटी, झाडाचा पार, चपला दुरुस्त करणाऱ्याची छत्री, झोपलेला कुत्रा, इस्टेट एजंटाचा फलक. माझी यातल्या कुणाबद्दल तक्रार नाही. कुत्र्याबद्दल तर नाहीच. तो रोज त्याच जागी असतो आणि मला त्याच्यावरून घड्याळ लावता येतं.

आमच्या जामनेरात मी लहान असताना फुटपाथ हा शब्दच नव्हता. माणसं रस्त्याच्या मधून चालायची. बैलगाडी आली तर ती वळसा घालायची, कारण तिच्यावर बसलेला माणूस चालणाऱ्याच्या ओळखीचा असायचा. पायी चालणाऱ्याला वेगळी पट्टी आखून द्यावी लागते ती रस्ता त्याच्या हातून गेल्यावर. गावात चालताना वेळ लागायचा तो अंतरामुळं नव्हे. दर दहा पावलांवर कुणीतरी विचारायचं, ‘‘कुठी चालले भो?’’ आणि ‘पुऱ्यात’ एवढं उत्तर पुरायचं नाही. कुणाकडं, कशाला, मागच्या वेळी गेला होता त्याचं काय झालं, हे सगळं द्यावं लागायचं. मुलुंडच्या फुटपाथवर मला कुणी काही विचारत नाही. अपवाद रिक्षावाल्यांचा. नाका जवळ आला की ते रांगेतून माना बाहेर काढतात, ‘‘ठाणे? काका, ठाणे?’’ मी हात हलवून नाही म्हणतो, पण मनातून बरं वाटतं. कुणीतरी विचारलं खरं, कुठं चाललात म्हणून.

पावसाळ्यात याच वाटेची मजा वेगळी. फुटपाथ सिमेंटच्या ठोकळ्यांचा. वरून सगळे सारखे. त्यातला एखादा खालून सुटलेला असतो आणि त्याच्या पोटात पाणी साचलेलं असतं. बघून कळत नाही. पाय पडला की तो एका कुशीवर कलतो, आणि दुसऱ्या फटीतून गढूळ पाण्याची पिचकारी नेमकी दुसऱ्या पायाच्या पोटरीपर्यंत येते. डाव्यानं दाबायचं, उजव्यानं भिजायचं. मी आता चालीत थोडा वाकबगार झालोय: कडेच्या फटीत माती काळी आणि ओली दिसली की तो ठोकळा सोडायचा, फटीत गवताचं एखादं पातं उगवलेलं असेल तर बिनघोर पाय द्यायचा, कारण हलत्या ठोकळ्यात गवत धरत नाही. आमच्याकडं नदीच्या फरशीवर शेवाळ कुठं आहे ते अनवाणी तळव्याला कळायचं. तेच ज्ञान, बुटातून.

मग येतो चेक नाका. इथं मुंबई संपते आणि ठाणे सुरू होतं.

पण संपते म्हणजे नेमकी कुठं? हा मला दोन वर्षं पुरलेला उद्योग आहे. आमच्याकडं याला शीव म्हणतात. शेताला बांध, गावाला शीव. शिवेवर दगड असतो, बहुतेक वेळा शेंदूर फासलेला, आणि तो कुणी हलवला तर कोर्टकचेऱ्या होतात. मुंबईचीही अशी एक शीव होती आणि तिचं नावही शीवच आहे. स्टेशनवर इंग्रजीत सायन लिहिलेलं असतं म्हणून लक्षात येत नाही. सतराव्या शतकात गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिए यांच्या काळात इंग्रजांनी तिथं टेकडीवर किल्ला बांधला. किल्ल्याच्या अलीकडं इंग्रजांची मुंबई, पलीकडं पोर्तुगीजांची साष्टी. पुढं शहर वाढत गेलं. १९५० मध्ये महापालिकेची हद्द भांडुपपर्यंत सरकली आणि १९५७ मध्ये मुलुंडपर्यंत. शिवेचा दगड तिथंच राहिला आणि शीव मात्र चालत चालत आमच्या घराजवळ आली.

शहरात शिवेला नाका म्हणतात. शिवेवर नारळ फोडतात, नाक्यावर पैसे घेतात, एवढाच फरक. इथं जकात नाका होता तेव्हा ट्रकांची रांग किती मागं जायची हे इथले जुने लोक अजून हातवारे करून सांगतात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. मुंबईच्या पाच नाक्यांवरचा टोल हलक्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला. पायी चालणाऱ्याकडून मात्र कुणी कधीच काही मागितलं नाही. मी हे मित्राला अभिमानानं सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘तुझ्याजवळ आहे काय मागण्यासारखं?’’

चालणाऱ्याला शीव पायाखाली सापडते. गटाराच्या झाकणांवरची अक्षरं बदलतात. मुंबईच्या महापालिकेच्या नावाची झाकणं संपतात आणि काही पावलांनी ठाण्याच्या महापालिकेची सुरू होतात. फुटपाथचा रंग बदलतो: तांबडे ठोकळे मागं राहतात, करडे लागतात. आणि या दोहोंच्या मध्ये पंधरा-वीस पावलांची एक पट्टी आहे जिथं दोन्ही नाहीत. नुसती माती, थोडी खडी, एक उंबराचं रोप भिंतीतून निघालेलं. पहिल्यांदा मी तिथं अडखळलो आणि चिडलो. आता मी तिथं चाल मुद्दाम हळू करतो. मुलुंडमध्ये घराबाहेर पडल्यापासून पायाला माती लागते ती इथंच.

जामनेर-पुऱ्यासारख्या जोडगावांचं खानदेशाला काही अप्रूप नाही. आमच्याच तालुक्यात पहूर आहे, अजिंठ्याच्या वाटेवर. पहूर पेठ आणि पहूर कसबे, मधून वाघूर नदी, ग्रामपंचायती दोन. एवढ्याशा पाण्याच्या पट्टीनं माणसं दोन नावांची होतात. माझी आजी सांगायची की तिच्या माहेरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराई बोळवायला बायका नदीवर गेल्या की पलीकडच्या गावच्या बायकाही त्याच मुहूर्तावर यायच्या, आणि मग दोन्ही काठांवरून शिव्यांची नुसती लाखोली. वर्षभराचं सगळं. सासूचं, दिराचं, न मिळालेल्या पातळाचं. पलीकडची बाई ऐकायची आणि सव्याज परत करायची. साताऱ्याकडं खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन्ही काठांवर उभ्या राहून हेच करतात, त्याला बोरीचा बार म्हणतात. आजीला मी विचारलं होतं, मग भांडणं नाही का व्हायची? तिनं माझ्याकडं दया येऊन बघितलं. ‘‘अरे, त्याच्यासाठीच तं नदी असते मधी.’’

याच आजीचा दुसरा नियम: पाहुण्याला दारातून निरोप द्यायचा नाही. पोचवायला जायचं. जवळचा असेल तर गल्लीच्या तोंडापर्यंत, मानाचा असेल तर वेशीपर्यंत, आणि जीव लावलेला असेल तर शिवेपर्यंत. लग्नात सीमांतपूजन म्हणून जो विधी असतो, तो मुळात या शिवेवरचाच. वरपक्ष गावच्या हद्दीत शिरण्याआधी तिथं जाऊन त्याला सामोरं व्हायचं. गेल्या डिसेंबरात मुलुंडच्या एका हॉलमध्ये एका सीमांतपूजनाला गेलो होतो. वातानुकूलित मंचावर, फुलांच्या कमानीखाली. वरपक्ष लिफ्टनं वर आला.

तीस वर्षं मी मुलांना संस्कृत शिकवलं. ‘शाकुंतला’चा चौथा अंक शिकवताना दरवर्षी एका जागी थांबायचो. शकुंतला सासरी निघालीय, कण्वमुनी मागं मागं चाललेत, चालतच राहिलेत. तेव्हा शार्ङ्गरव त्यांना आठवण देतो की प्रिय माणसाला पाण्याच्या काठापर्यंतच पोचवावं असं सांगितलेलं आहे, आणि हा तर तळ्याचा काठ आला, आता निरोप सांगून आपण मागं फिरावं. मुलं जांभया द्यायची. मला मात्र दरवर्षी कांगेचा काठ दिसायचा, कारण मी आणि माझ्या मित्रानं हा नियम शाळेच्या वयातच मोडला होता. शाळा सुटली की मी त्याला पोचवायला नदीपर्यंत जायचो. तिथं पोचल्यावर तो म्हणायचा, चल, आता मी तुला पोचवतो. मग गावातल्या चौकापर्यंत मागं. मग मी पुन्हा त्याला. दिवेलागण व्हायची. पावसाळ्यात फरशीवरून पाणी जायला लागलं की तो पलीकडं अडकायचा आणि दोन दिवस शाळेत यायचा नाही. मी काठावर जाऊन ओरडायचो, गृहपाठ ओरडून सांगायचो. पाण्याच्या आवाजात त्याला अर्धाच ऐकू जायचा. गणितं म्हणूनच चुकली, असं तो अजून म्हणतो.

नाक्यावरची ती मातीची पट्टी ओलांडली की मॉडेला नाक्यावरून तीन हात नाक्याकडं. इथं मेट्रोचे खांब संपत नाहीत, जागा तेवढी बदलते. मुंबईकडची माणसं ठाण्याला येणाऱ्या मेट्रोबद्दल बोलतात, आणि ठाण्याची माणसंही त्याच मेट्रोबद्दल, पण ती मुंबईला जाणारी म्हणून. मला आमची पीजे आठवते. पाचोरा-जामनेर, अडीच फुटी रुळांची, ५६ किलोमीटरची गाडी. पहूर, शेंदुर्णी करत निवांत जायची. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत थांबली ती पुन्हा त्या रुळांवर निघालीच नाही; आता तिथं मोठ्या रुळांचं चाललंय. तीन हात नाक्याला रस्ता ओलांडणं हा वेगळा अध्याय आहे. मी एखाद्या शाळकरी मुलीच्या किंवा ट्रॉली ओढणाऱ्या बाईच्या सावलीला धरून ओलांडतो. गाड्या त्यांच्यासाठी थांबतात, म्हाताऱ्यासाठी भोंगा वाजवतात.

त्यानंतर नौपाडा. इथला फुटपाथ मला आवडतो, कारण तो अजून दुकानांचा ओटा वाटतो. दुकानदार सकाळी पाणी मारतात, उदबत्ती लावतात, चालणारा आला की झाडू बाजूला धरतात. हरी निवासपाशी मी वळतो. दुसरा मजला. दार उघडंच असतं.

हिवाळ्यात मित्राचा पुतण्या जामनेरहून भरताची वांगी पाठवतो. हिरवी, मोठी, हातात धरली की दुधीएवढी. ट्रॅव्हल्सच्या गाडीनं येतात. भरीत खरं पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचं, कापूस वेचून झाल्यावरच्या त्या वाळक्या काड्यांचा धूर आत उतरला पाहिजे. ठाण्यात पऱ्हाट्या कुठून आणणार. त्याची लेक गॅसवर जाळी ठेवून भाजते, आम्ही दोघं शेजारी उभे राहून सूचना देतो, आणि शेवटी ती आम्हाला बाहेर घालवते. वांगी आली की तो मोजून दोन वाटे करतो. एखादं जास्तीचं उरलं तर मलाच.

परत निघताना तो पोचवायला येतो. गेल्या पावसात कुठल्याशा निसरड्या फरशीवर घसरून त्याचा गुडघा दुखावला, तेव्हापासून तीन हात नाक्यापर्यंत येणं त्याला जमत नाही. लेकीनं हद्द घालून दिलीय: हरी निवास सोडल्यावर एका हार्डवेअरच्या दुकानाबाहेर पाण्याचं पिंप ठेवलेलं असतं, साखळीला बांधलेला स्टीलचा पेला असलेलं, तिथपर्यंत. परवाच्या रविवारी पिंपापाशी आलो तेव्हा मी त्याला ‘शाकुंतला’तली ती जागा सांगितली. सगळी नव्हे, पाण्यापुरती.

‘‘म्हणजे हे पाणी का?’’ त्यानं पिंपाकडं बघून विचारलं.

‘‘हेच. आता फिर मागं.’’

त्यानं पेला भरला, अर्धा प्यायला, उरलेलं झाडाच्या बुंध्याशी ओतलं. मग माझ्या हातातली वांग्यांची पिशवी काढून स्वतःच्या हातात घेतली. ‘‘नाक्यावर जकात मागितली तर काय सांगशील?’’

‘‘जकात गेली.’’

‘‘तरी पण. तुला हिशेब कधी जमला?’’ असं म्हणून तो लंगडत पुढं चालू लागला, तीन हात नाक्याच्या दिशेनं. खिशात त्याचा फोन वाजत होता. लेकीचाच असणार.